वेलिगामाचा सर्फिंग क्लास आणि बोर्डाची जुनी चीर

श्रीलंकेला जाऊन सर्फिंग शिकायचा बेत असेल तर निघण्याआधी हे वाचा. आमचे २५,००० श्रीलंकन रुपये गेले, म्हणजे आपले सातेक हजार. त्याहून जास्त संताप या गोष्टीचा, की ते उकळण्यासाठी त्या लोकांनी नवशिक्या पोराला खडकावर उतरवलं.

आधी किनारा समजून घ्या. गॉलहून माताऱ्याकडे जाताना अहंगामा, मिडिगामा, वेलिगामा, मिरिस्सा ही गावं एकामागून एक लागतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा या दक्षिण किनाऱ्याचा हंगाम. तेव्हा सकाळचा वारा जमिनीकडून येतो आणि लाटा नीट, एकसारख्या उठतात. मे महिन्यात नैऋत्य मान्सून आला की इथला समुद्र खवळतो आणि सर्फिंगवाले पूर्वेच्या अरुगम बेला जातात. तेव्हा जून-जुलैत वेलिगामाला 'बिगिनर्स कोर्स' स्वस्तात देतो म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

शिकायला वेलिगामाच योग्य. मोठी अर्धगोल खाडी, तळाला वाळू, लाट फुटल्यावर फेसाळ पाणी सावकाश किनाऱ्याकडे येतं. पडलात तर वाळूवर पडता. मिडिगामाच्या लाटा फुटतात त्या प्रवाळाच्या खडकावर, आणि ओहोटीला काही जागी कमरेइतकंही पाणी नसतं. 'राम्स राइट' नावाची तिथली लाट तर मुरलेल्या सर्फरांनीच घ्यावी अशी. नवशिक्याचं तिथे काही काम नाही.

माझ्या भाच्याला शिकायचं होतं. पोहण्यात तो तरबेज आहे, पण बोर्डावर कधी उभा राहिलेला नव्हता, आणि हे आम्ही बुकिंग करतानाच स्पष्ट लिहून कळवलं होतं. त्यांच्या जाहिरातीच्या फोटोत वेलिगामाची वाळू, मऊ निळे बोर्ड, गळ्यात शिट्टी अडकवलेला प्रशिक्षक. आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं प्रमाणपत्र असल्याचाही दावा होता. अर्धे पैसे आगाऊ घेतले.

प्रत्यक्षात भेटला तो दुसराच मुलगा. म्हणाला, "मॅडम, आज इथे लाटा नाहीत, मिडिगामाला चला." समोर खाडीत पन्नासेक माणसं लाटांवर होती! ते दाखवलं तर, "गर्दी आहे, अपघात होतो, तिकडे शांत आहे." टुकटुकचे, म्हणजे तिथल्या रिक्षाचे, पैसे वेगळे. मिडिगामाच्या दुकानात अनामत म्हणून पासपोर्ट मागितला, बोर्ड परत केल्यावर मिळेल म्हणाले. मऊ बोर्ड मागितला तर उत्तर आलं, "रीफवर (प्रवाळाच्या खडकावर) तो चालत नाही." हातात दिला फायबरग्लासचा कडक बोर्ड.

सगळी मेख इथेच आहे. मऊ बोर्डाला वरून फोम आणि खालून प्लास्टिक असतं, तो वाळूवर आपटला तरी सहसा काही होत नाही, म्हणजे दुकानदाराला बिल लावायला जागा नाही. फायबरग्लासचं कवच पातळ असतं. खडकाला लागलं, दुसऱ्या बोर्डाचं पातं (बोर्डाखालचा माशाच्या परासारखा भाग, फिन) घासलं की तडा जातो. वाळूवरून खडकावर आणि मऊवरून कडकवर नेणं, यातच नुकसानभरपाईची सोय केलेली असते.

प्रशिक्षक कमरेएवढ्या पाण्यातून आत गेलाच नाही. भाचा लाटेखाली सापडला, खडकावर पाय कापला आणि टाचेत समुद्री साळूचे (सी अर्चिन या काटेरी जीवाचे) काटे मोडले. लंगडत बाहेर आला तेव्हा मालकाने आधी बोर्ड उलटा केला, मग त्याच्याकडे बघितलं. शेपटाजवळ बोटभर चीर. "नवा बोर्ड आहे, ४५,००० द्या."

भाच्याने वाकून बघितलं. "मावशी, ही आजची नाही गं. आत बघ, किती पिवळं पडलंय."

त्याचं बरोबर होतं. ताज्या तड्याच्या कडा धारदार असतात आणि आतला फोम पांढराशुभ्र दिसतो. जुन्या चिरेतून समुद्राचं पाणी मुरत राहतं, फोम पिवळा-तपकिरी होतो, कडेला वाळू आणि पाय घसरू नये म्हणून बोर्डाला लावलेलं मेण घट्ट बसतं. या चिरेत वाळू इतकी रुतली होती की नखाने निघेना. एका बाजूला रेझिन (चीर बुजवायचा चिकट लेप) लावून घासल्याची खूणही होती, म्हणजे हीच चीर आधी कधीतरी बुजवली होती. हे सगळं त्याला दाखवलं. त्याने खांदे उडवले आणि पासपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. प्रशिक्षकाने तर साफ हात वर केले.

पोराच्या पायातून रक्त येत होतं, त्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं. शेवटी २५,००० वर तडजोड झाली. पावती दिली नाही.

भारतीय पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो, तसं त्यावर छापलेलं असतं. कोणत्याही दुकानदाराला तो अडकवून ठेवायचा अधिकार नाही. अनामत रोख द्या किंवा पासपोर्टची झेरॉक्स द्या. अडूनच बसला तर दुसरं दुकान बघा, वेलिगामाच्या किनाऱ्यावर रांगेने दुकानं आहेत. बोर्ड हातात आला की मालकासमोरच मोबाइलवर दोन्ही बाजू, कडा, शेपूट आणि पात्यांच्या खोबणी यांचं चित्रण करा, प्रत्येक जुनी चीर त्याला मोठ्याने बोलून दाखवा. प्रामाणिक माणूस यावर रागावत नाही. दुसऱ्या दिवशी वेलिगामातल्या एका बाईंनी स्वतःहून बोर्डावरच्या खुणा दाखवल्या, मऊच बोर्ड दिला, आणि त्यांची पावतीही आमच्याकडे आहे. तिथले सगळे लबाड आहेत असं मी मुळीच म्हणत नाही.

प्रमाणपत्र दाखवायला सांगा, आणि त्यावरचं नाव समोरच्याच माणसाचं आहे ना, हे बघा. बुकिंगच्या वेळी 'वाळूचा तळ, मऊ बोर्ड, जागा बदलल्यास पूर्ण पैसे परत' हे तीन मुद्दे लेखी घ्या.

भांडण झालंच तर तिथल्या पर्यटन खात्याचा मदत क्रमांक १९१२ आहे. पैसे देण्याआधी, दुकानातच उभं राहून फोन लावा. आम्ही नंतर लावला. तक्रार लिहून घेतली गेली, पैसे अजून आलेले नाहीत. तुमच्यापैकी कुणाला मिडिगामात असाच अनुभव आला असेल तर तुम्हीही तक्रार नोंदवा, एकाच दुकानाविरुद्ध चार तक्रारी गेल्या तर दखल घ्यावी लागेल.