पोटातलं यीस्ट: घरचं कॅन्डिडा की पाहुणा बोलार्डी?

सीताबर्डीच्या मेडिकलमधून अँटिबायोटिकसोबत डॉक्टरनं लिहिलेली यीस्टची पुडी घेतली तर मित्र म्हणे, काऊन बे, यीस्ट तर पोटात आधीच असते ना? असते भाऊ, पण ते कॅन्डिडा अल्बिकन्स, बऱ्याच जणांच्या आतड्यात बिऱ्हाड करून बसलेलं, बॅक्टेरिया दाबून ठेवतात तोवर गुपचूप, अन् अँटिबायोटिकनं ते मेले की हे पसरते, गोल पेशींतून लांब धागे काढून अस्तरात घुसूही शकते. पुडीतलं बोलार्डी मात्र पाहुणा, मूळचं लिची-मँगोस्टीनवरचं, ३७ डिग्रीत मजेत वाढते, अँटिबायोटिकनं मरत नाही (बॅक्टेरिया थोडीच आहे ते, यीस्ट म्हणजे बुरशी), पुडी बंद केली की थोड्याच दिवसात साफ. अँटिबायोटिकच्या जुलाबाला मला पाहुणाच बरा वाटते, फक्त इम्युनिटी फार कमी असलेल्याला किंवा सेंट्रल लाइनवाल्या (मोठ्या शिरेत नळी टाकलेल्या) पेशंटला नको, रक्तात शिरू शकते.