दारात येऊन गाडीच्या फटी जुळवून देणाऱ्यांनी माझे ११,५०० रुपये नेले

गाडीचे दरवाजे, बोनेट घरीच बसवून देतो म्हणत मोटारसायकलवर फिरणारे दोघं यवतमाळ जिल्ह्यात खेड्याखेड्यात शिरत आहेत. आमचं गाव नागपूर-हैदराबाद हायवेपासून आत आहे, तरी ते इथवर आले. तुमच्या दारात आले तर गाडीला हात लावू देऊ नका.

कापसाच्या बैलबंडीनं आमच्या गाडीचा डावा फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, दाबला होता. पुढच्या दरवाजाची फट वर बारीक, खाली मोठी झाली होती आणि उघडताना दरवाजाची कड घासायची. वेचणी सुरू, घरात मजूर, शहरात गाडी नेऊन ठेवायला वेळ कोणाला होता? अशा वेळी ते आले. "काका, दरवाजा लोंबला तुमचा. शहरात कायले नेता? इथंच अर्ध्या घंट्यात बसवतो." भाव विचारला तर म्हणाले, पॉइंटले ६० रुपये. दरवाजा, फेंडर, बोनेट असे तीन-चार पॉइंट मी धरले. कोणीही तेच धरलं असतं.

हा पॉइंटचा डाव तुम्हाला माहीत असेलच. हातोडीचा प्रत्येक ठोका, पुट्टीचं प्रत्येक बोट, पांढऱ्या पावडरीचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक पॉइंट. शेवटी २३२ पॉइंट, १३,९२० रुपये.

पण मला जाळतो तो त्याच्या आधीचा क्षण. त्यांच्यातल्या एकानं दरवाजाच्या कब्ज्याच्या, म्हणजे बिजागरीच्या, बोल्टला पाना लावला आणि बोल्टभोवती मार्करनं खूण केली नाही. ट्रॅक्टरचं बारीकसारीक काम मी स्वतः करतो. जागा बदलू शकणारा भाग सोडण्याआधी खूण करायची असते, हे मला पक्कं माहीत आहे. मी बोलणार तेवढ्यात दुसरा म्हणाला, "काका, थंड पाणी भेटल काय?" दारात आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. मी आत गेलो, बाहेर आलो तोवर चारही बोल्ट ढिले. आता थांबवलं तर दरवाजा लटकत राहणार. त्यांना हेच पाहिजे होतं.

खरा डेंटर, म्हणजे गाडीचा पत्रा सरळ करणारा कारागीर, आधी गाडीची चांगली बाजू पाहतो, तिथली फट मोजतो आणि मागून पुढे येतो. मागचा पत्रा वेल्ड केलेला असतो, तो हलत नाही. म्हणून आधी मागचा दरवाजा, मग पुढचा, मग फेंडर, शेवटी बोनेट. यांनी बोनेटपासूनच सुरुवात केली. लोंबलेला दरवाजा उघडून टोकाला धरून वर उचलून पाहा. कब्ज्यात खेळ असेल तर पिन-बुश झिजलेत, बोल्ट फिरवून काही होत नाही. यांनी लॉकचा स्ट्रायकर, म्हणजे चौकटीवरचा ज्यात लॉक अडकतं तो आकडा, वर सरकवून दरवाजा ओढूनताणून बसवला आणि फेंडरच्या फटीत पुट्टी भरली.

घरात बाया-पोरं होती, हे दोघं आवाज चढवत होते. ११,५०० वर तोडलं. ७,००० फोनवरून, ४,५०० रोख, तेही मजुरीसाठी ठेवलेले. क्यूआर कोडवर भलत्याच दुकानाचं नाव आलं. पैसे पाठवण्याआधी नाव वाचा आणि जुळलं नाही तर पिन टाकू नका.

नंतर कच्च्या रस्त्यानं धूळ आत येऊ लागली. हायवेवर बोनेट उचललं गेलं, आतल्या दुसऱ्या हुकानं अडवलं म्हणून काचेवर आलं नाही. मुलगी शेजारी बसली होती. शहरातल्या डेंटरनं ६,८०० घेतले. एकूण गेले १८,३००.

आणि ठाण्यात काय ऐकलं? "तुम्हीच दिले ना पैसे? काम तर झालं ना?" मग म्हणे त्यांच्या मोटारसायकलचा नंबर आणा. नंबर प्लेटवर चिखल थापला होता, कुठून आणू? मग म्हणे ते आमच्या हद्दीतले नाहीत. अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नं हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते आणि फसवून पैसे काढणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसतं. हे मी सांगितलं तर साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि अर्जावर शिक्कासुद्धा दिला नाही. बँकेत गेलो, तिथं उत्तर एकच, पिन तुम्हीच टाकला. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो. तो पत्ता शोधायचं काम पोलिसांचं नाही तर कोणाचं?

फोनवरून पैसे गेले असतील तर त्याच घडीला १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. भाव कागदावर लिहून घ्या, पूर्ण कामाचा, पॉइंटचा नाही. मोटारसायकलचा फोटो पाणी देण्याआधी काढा.

ठाणं ऐकत नाही म्हणून मी पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज स्पीड पोस्टानं पाठवतो आहे. एकजण उंच, उजव्या हातात कडं. दुसरा बुटका, बोलण्यात गोड, पाणी तोच मागतो. तुमच्याकडे हेच येऊन गेले असतील तर रक्कम, तारीख लिहून द्या, अर्जाला जोडतो.