मामा तलाव: आधी गाळ काढावा की आधी वनस्पती लावाव्यात?

भंडारा-गोंदियातल्या मच्छीमार संस्थेपुढे किंवा ग्रामपंचायतीपुढे हा पेच उन्हाळ्यात उभा राहतो. तलाव माजी मालगुजारी, म्हणजेच ‘मामा’. कोहळी समाजाने बांधलेला, ढिवर या मच्छीमार समाजाने जपलेला. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे जमीनदारीसारखी सारावसुलीची पद्धत, गेली आणि तलाव सरकारकडे आला. आता पाणी लवकर आटतं, गावरान मासळी घटली आहे, आणि हाताशी पैसा एकाच कामापुरता आहे.

गाळ काढला की फरक लगेच दिसतो. साठवण वाढते, गाळ शेतात पडतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे, म्हणून मंजुरीची वाटही माहितीची. पण जेसीबी तलाव सरसकट खणतो आणि काठ उभा कापून टाकतो. तलावाचा जीव असतो तो काठाच्या उथळ उतारावर. पाणवनस्पती तिथेच रुजतात, अनेक गावरान मासे तिथेच अंडी घालतात, पिल्लं तिथेच लपतात. कमळपक्षीही तिथेच. तो उतार गेला, तर पाणी भरपूर आणि तलाव रिकामा, अशी गत होते.

दुसरा मार्ग कष्टाचा. आधी बेशरम ही तलावात माजणारी झुडपी वनस्पती मुळासकट उपटायची. नुसती कापली तर तुकड्यातूनही फुटते. मग कोरड्या बुडाचा थोडा भाग नांगरायचा आणि पावसाचं पाणी साचू लागलं की जवळच्या चांगल्या तलावातून देशी वनस्पती आणून लावायच्या. कुठली वनस्पती किती खोलीवर टिकते, हे गावातल्या जाणत्या ढिवरांना विचारा. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने याच माहितीच्या आधारावर काम केलं आहे. यात खर्च मजुरीचा, आणि तो गावातच राहतो. फळ मात्र एका हंगामात मिळत नाही.

रोहू-कटल्याचं बीज सोडणं हा काही तिसरा पर्याय नव्हे, ती मिळकतीची सोय आहे. गवत्या मासा (ग्रास कार्प) मात्र सोडू नका, लावलेलं सगळं खाऊन टाकेल. सायप्रिनसही (कॉमन कार्प) बूड उकरून पाणी गढूळ करतो.

माझं मत वनस्पतींच्या बाजूने आहे. गाळ काढायचाच असेल, तर पाळीजवळच्या, म्हणजे तलावाच्या बांधाजवळच्या, खोल भागापुरता काढा, तोही पाळीच्या पायथ्यापासून अंतर राखून. पाणी येतं त्या बाजूच्या उताराला यंत्र लावू नका. तिथे खुंट्या ठोका आणि जेसीबीवाल्याला आदल्या दिवशीच ढिवरांसोबत फिरवून हद्द दाखवा.