ड्राय हॉपिंग: गोळ्या सुट्या टाकाव्यात की पिशवीत?

किटची बिअर, म्हणजे डब्यातल्या तयार पाकापासून घरी बिअर, करणाऱ्याची पहिल्या काही खेपांनंतर एकच तक्रार उरते. बिअर जमते, फेस धरते, कडूपणाही बरा असतो, पण ग्लास नाकाशी नेला की वास म्हणून काही येत नाही. कारण डब्यातच आहे. तो पाक हॉप्ससकट (बिअरला कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) कडू करून, पाणी उडवून आटवलेला असतो. कडूपणा त्यातून टिकतो. सुवास मात्र हॉप्सच्या तेलांत असतो आणि ती तेलं आटवताना उडतात. थोडीफार उरली तरी यीस्ट जोरात असताना बुडबुड्यांबरोबर तीही निघून जातात.

म्हणून यीस्टचा जोर ओसरला की वरून हॉप्स टाकायचे, हेच ड्राय हॉपिंग. उकळी नाही, त्यामुळे कडूपणा फारसा चढत नाही, वास तेवढा उतरतो. युक्ती जुनीच आहे. हिंदुस्थानात पाठवायच्या बिअरच्या पिंपात इंग्लंडचे ब्रुअर असेच कोरडे हॉप्स टाकून बूच मारत, आणि त्यातली पिंपं मुंबईच्या बंदरातही उतरत.

मी मेलबर्नला राहतो. इथे विकायची नसेल तर घरी बिअर करायला परवाना लागत नाही. (महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे, तेव्हा पुण्या-नाशिकच्या मंडळींनी हे नुसतं वाचावं.) ड्राय हॉपिंग करायचं एवढं ठरलं की पुढचा प्रश्न येतो: गोळ्या सुट्या टाकाव्यात की पिशवीत घालून? मी दोन्ही करून बघितलं आहे. पुढचं सगळं १.७ किलोचा डबा, २३ लिटरचा फर्मेंटर (बिअर आंबवायचा नळाचा ड्रम) आणि हॉप्सची पूड दाबून केलेल्या गोळ्या धरून लिहितो आहे. पूर्ण फुलं वापरत असाल तर पिशवीला पर्यायच नाही. ती तरंगतात, बिअरही पुष्कळ पितात.

आधी सुट्या गोळ्यांची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. झाकण जरासं उचला, पुडी ओता, झाकण लावा, झालं. हॉप्स मुळातच जंतूंना आवरणारे असल्यामुळे ते उकळून निर्जंतुक करावे लागत नाहीत. गोळी बिअरमध्ये पडली की काही मिनिटांत फुटते आणि भिजवलेल्या मेंदीसारखा हिरवा गाळ पसरतो. प्रत्येक कणाला बिअर लागते, म्हणजे तेलही पुरेपूर उतरतं. एकाच किटच्या दोन बाटल्या, एक सुट्याची आणि एक पिशवीची, शेजारी ठेवून हुंगल्या तर सुट्याची थोडी उजवी वाटते. माझ्या नाकाला तरी. एकेकटी प्यायला दिली तर मी ओळखू शकेन असं छातीठोकपणे सांगणार नाही.

पिशवीचा व्याप जास्त. ती उकळा, आत वजन घाला, गाठ मारा. वजन नसेल तर पिशवी वर तरंगत राहते. घट्ट बांधली तर गोळ्या फुगून मधला गोळा आतून कोरडाच राहतो. म्हणून गोळ्यांच्या तीन-चार पट जागा हवी. वजनाला मी स्टीलचा जाड चमचा उकळून घालतो, काहीजण काचेच्या गोट्या घालतात. आणि तेवढ्याच वासासाठी हॉप्स थोडे जास्त लागतात. सुटे पंचवीस ग्रॅम टाकत असाल तर पिशवीत तीस-पस्तीस.

कपड्याबद्दल एक सांगून ठेवतो. चक्का बांधायचं मलमलचं फडकं या कामाला उत्तम, पण घरातलं नको, नवीन घ्या. घरातलं फडकं कपड्यांच्या साबणातून आणि सुगंधी सॉफ्टनरमधून गेलेलं असतं, त्याचा अंश राहिला तर बिअरचा फेस बसतो. उलट बाजूनेही तोटा आहे: हॉप्सचा वास फडक्यातून जाता जात नाही आणि पाडव्याच्या श्रीखंडाला तो कोणी मागितलेला नसतो.

इथवर वाचून सुट्या गोळ्याच बऱ्या असं वाटेल. मलाही कितीतरी दिवस तसंच वाटायचं. माझं मत फिरवलं ते बाटल्या भरण्याने.

फर्मेंटरच्या नळाला जी बाटली भरायची नळी लावतात, तिच्या तळाशी बारीकशी खिट्टी असते. बाटलीच्या बुडाला ती टेकली की बिअर सुरू, उचलली की बंद. फार सोयीची वस्तू, पण खिट्टीच्या फटीत हॉप्सचा एवढासा हिरवा कण जरी अडकला तरी ती बंद होत नाही. भरलेली बाटली काढून दुसरी लावेपर्यंत धार चालूच. एका हातात उघडी बाटली, दुसऱ्या हाताचा अंगठा नळीच्या तोंडाला, आणि झाकणं बाकावर, हात पोचत नाही तिथे. नळ बंद करून नळी काढायची, निर्जंतुक पाण्यात खळबळायची (तोंडाने फुंकायची सोय नाही, तोंडातले जंतू थेट बिअरमध्ये), पुन्हा लावायची. पुन्हा लावताना नळीत हवेचे बुडबुडे जातात, आणि ज्या वासासाठी हा सगळा खटाटोप, त्या वासाचा हवा हाच पहिला शत्रू. चार-पाच बाटल्या नीट जातात, की पुढचा कण. २३ लिटर म्हणजे पाऊण लिटरच्या तीसेक बाटल्या. गॅरेजची फरशी चिकट, चपला चिकट, दुसऱ्या दिवशी मुंग्या.

जे कण खिट्टीतून सुटतात ते बाटलीत उतरतात. वायू त्यांच्याभोवतीच सुटायला लागतो, आणि मग झाकण काढल्याबरोबर बिअर फसफसून टेबलावर. पाहुण्यांसमोर हे व्हायला नको.

यावर उपाय नाहीत असं नाही. भरण्याआधी दोन दिवस फर्मेंटर फ्रिजमध्ये एक-दोन अंशांवर ठेवला तर बहुतेक सगळा गाळ यीस्टबरोबर तळाशी बसतो, आणि नळातून पहिला कपभर काढून टाकला की पुढची बिअर बऱ्यापैकी स्वच्छ येते. ज्यांच्याकडे त्यासाठी वेगळा फ्रिज आहे त्यांनी सुट्या गोळ्याच टाकाव्यात, वाद नाही. बाटल्यांऐवजी केगमध्ये, म्हणजे धातूच्या पिंपात, भरणाऱ्यांनाही खिट्टीची भानगडच नाही, त्यांनीही तेच करावं. माझ्या घरी फ्रिज एक आणि त्यात कोथिंबीर, दही आणि मुलांचे डबे. तिथे २३ लिटरचा ड्रम दोन दिवस ठेवतो म्हणणं शक्य नाही. नळाला आतून जाळी लावायचा सल्लाही मिळतो. लावून बघा, पण ती जाळीच गाळाने बुजते आणि मग बिअर थेंब थेंब येते.

पिशवीत मात्र गाळ पिशवीतच राहतो. अगदी बारीक पूड थोडी झिरपते, पण नळी अडत नाही. भरायच्या आधी पिशवी बाहेर काढायची घाई करू नका. झाकण उघडून ओली पिशवी उपसणं म्हणजे पुन्हा हवा आत घेणं. ती आतच असू द्या, फक्त नळाच्या तोंडाशी येऊ देऊ नका.

दुकानात बारा ग्रॅमच्या तयार पुड्या मिळतात, चहाच्या पिशवीसारख्या. लागर या सौम्य बिअरच्या किटला तेवढ्या पुरतात, हॉप्सचा वास जास्त लागणाऱ्या पेल एलला कमी पडतात. हॉप्सचा काढा करून ओतणारेही आहेत. गरम पाण्यात थोडा वेळ भिजवून, गाळून तो अर्क फर्मेंटरमध्ये. झटपट होतो, पण त्याचा वास मला शिजल्यासारखा लागतो.

हॉप्स कोणते, हा आवडीचा भाग. इथे व्हिक्टोरिया आणि टास्मानियात पिकणारा गॅलेक्सी सहज मिळतो. त्याचा पॅशनफ्रूटसारखा वास पेल एलच्या किटला खुलून दिसतो, पण हात आखडता ठेवा. २३ लिटरला पन्नास ग्रॅमच्या पुढे गेलात की घशाला चरचर जाणवते. नवशिक्याला कॅस्केड जास्त सांभाळून घेतो. दोन्हीला तीन-चार दिवस पुष्कळ झाले. आठवडा उलटला की गवताची चव यायला लागते.

सुटे टाका नाहीतर पिशवीत, एक काळजी दोन्हीकडे सारखीच. हॉप्समध्ये असे एन्झाइम असतात की ते यीस्टला न पचणारी साखर मोडून पचण्याजोगी करतात, आणि थांबलेलं आंबणं पुन्हा सुरू होतं. इंग्लंडमध्ये १८९३ सालीच हे लिहून ठेवलेलं आहे. तेव्हा हॉप्स टाकण्याआधीच्या हायड्रोमीटरच्या (बिअरमध्ये साखर किती उरली ते दाखवणाऱ्या काचेच्या तरंगत्या नळीच्या) आकड्यावर विसंबून बाटल्या भरू नका. हॉप्सनंतर लागोपाठ दोन दिवस आकडा तोच आला तरच भरा, नाहीतर बाटल्या फुटतात.

वेगळा फ्रिज नसलेल्या, बाटल्याच भरणाऱ्या माणसाला मी तरी पिशवीच सुचवीन. वासात एखाद-दोन आणे कमी पडले तर पाच-दहा ग्रॅम हॉप्स जास्त घालून ते भरून निघतात. शिवाय सगळे हॉप्स एका गाठोड्यात बाहेर येतात. घरात कुत्रा असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण वापरलेले हॉप्सही कुत्र्यांना विषारी असतात, खाल्ले तर अंगाचा ताप जिवावर बेतेल इतका चढतो. गाठोडं थेट झाकणाच्या कचरापेटीत टाका, बागेतल्या खतात नको.