१९९१ ची प्रीमियर पद्मिनी, ठाण्यात चौदा महिने वापरून

गेल्या वर्षीच्या पाडव्याला गाडी घरी आणली, आता दुसरा उन्हाळा संपत आला. मधे एक अख्खा पावसाळा काढला. पहिल्या दिवसापासून वहीत नोंद ठेवलीय, साडेपाच हजार किलोमीटरच्या जरा वर रनिंग झालंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही असं वाटलं. घेताना मी बऱ्याच जणांना विचारलं होतं आणि सगळ्यांनी एक तर "अरे घे, काय भारी गाडी आहे" असं सांगितलं नाही तर "वेडा झालास का", मधलं कोणीच काही बोललं नाही. ते मधलं लिहितोय.

गाडी १९९१ ची, एमएच-०४ पासिंग, म्हणजे जन्मापासून ठाणेकर. क्रीम कलर, हँड गिअर, म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला असतो तो. नौपाड्यातल्या एका जुन्या बिल्डिंगच्या कंपाउंडमध्ये चार वर्षं कव्हरखाली उभी होती. मालक रिटायर्ड मास्तर, त्यांनी किल्ली हातात देताना एवढंच विचारलं, "चालवणार ना? नुसती पुसून ठेवायला नको देऊ." एक लाख पस्तीस हजाराला सौदा झाला. टो करून आणली तेव्हा बॉनेटच्या फटीत पारिजातकाची वाळलेली फुलं निघाली, मूठभर तरी असतील.

मी ही गाडी का घेतली ते सांगायलाच पाहिजे नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे काका दादर-परळला टॅक्सी चालवायचे, सत्तावीस वर्षं, काळीपिवळी पद्मिनी. राहायला कळव्याला. शनिवारी रात्री टॅक्सी घरी आणायचे आणि रविवारी सकाळी चाळीच्या मागे तिचं काम चालायचं. माझं काम बॅटरी धरायचं. "माझ्या हाताकडे नको बघू, मी बघतोय तिकडे उजेड पाड," हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय मोजता येणार नाही. पेट्रोल, ग्रीस आणि काकांच्या तंबाखूचा मिळून एक वास होता तो माझ्यासाठी रविवारचा वास. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये पेपरात आलं की मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद होतेय, कारण शेवटची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. काकांनी तो पेपर घडी करून कपाटात ठेवला. काही बोलले नाहीत. तेव्हाच मी ठरवलं की एक तरी घरात आणायची.

आमच्याकडे तिला पद्मिनी कोणी म्हणत नाही, फियाटच म्हणतात. ते बरोबरही आहे, कारण १९६४ च्या सुमाराला कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ही फियाट ११०० डिलाइट म्हणूनच बनायला लागली, मग मधे काही काळ प्रेसिडेंट झाली आणि १९७४ च्या आसपास पद्मिनी. नावं बदलत गेली पण बॉडी आणि १०८९ सीसीचं इंजिन जवळपास तेच राहिलं, २००० च्या सुमारास बंद होईपर्यंत. कुर्ल्याला प्रीमियर रोड आजही आहे, कंपनी दिसत नाही. एवढी वर्षं तेच इंजिन म्हणजे मागासलेपणा असं कोणी म्हणेल, पण जुनी गाडी ठेवणाऱ्यासाठी हेच सगळ्यात सोयीचं आहे, कारण १९७५ च्या गाडीचा पार्ट बऱ्याचदा १९९१ च्या गाडीला बसतो आणि जुन्या मेकॅनिकला डोळे मिटून काम येतं.

आता चालवायला कशी आहे. पहिले पंधरा दिवस दंड भरून यायचे, पॉवर स्टिअरिंग नाही, पार्किंगला उभ्या उभ्या चाक फिरवायला गेलं की खांदा बोलतो. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की उभी असताना फिरवू नकोस, जराशी सरकव आणि मग फिरव, किंगपिनलाही (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) त्रास नाही आणि तुलाही नाही. हँड गिअरची सवय व्हायला महिना गेला पण एकदा झाली की त्यासारखं सुख नाही, पुढे अख्खी सलग सीट, मधे काही अडत नाही, मुलगी मधे बसते आणि तिला वाटतं की गाडी तीच चालवतेय. काच खूप, खांब बारीक, त्यामुळे चारी बाजूचं एकदम स्वच्छ दिसतं. पुढच्या दाराची ती छोटी तिकोनी काच उघडून आपल्याकडे वळवली की घोडबंदर रोडला संध्याकाळी जो वारा येतो तो एसीला नाही.

ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. गायमुखच्या चढाला चौघं बसले की तिसऱ्या गिअरवर यायचंच, मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे. हायवेला साठ-पासष्टला गाडी खूश असते, ऐंशीला पत्रा बोलायला लागतो. ब्रेक चारही चाकांना ड्रम. नवीन गाडीतून उतरून हिच्यात बसलं तर पहिला ब्रेक दाबताना पोटात गोळा येतो, अंतर ठेवूनच चालवावी लागते. एअरबॅग, एबीएस हे काही नाही, मी पुढे-मागे सीट बेल्ट बसवून घेतले आणि मुलीला घेऊन हायवेवर रात्रीचा जात नाही. हे स्पष्ट लिहितोय कारण प्रेमापोटी लोक हे लपवतात.

पहिला मोठा धडा मिळाला गेल्या मे महिन्यात. दुपारी दीड, माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास रखडलो आणि गाडी दोन आचके देऊन बंद. सेल्फ मारतोय, इंजिन फिरतंय पण उचलत नाही. काकांना फोन लावला, त्यांनी विचारलं, "करंट बघितलास?" बघितला, प्लगला ठिणगी चांगली निळी पडत होती. "मग पेट्रोल उकळलंय. बॉनेट उघड, पंपावर ओलं फडकं ठेव आणि दहा मिनिटं गप उभा राहा." या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच लागून असतो, इंजिनच चालवतं त्याला, त्यामुळे इंजिनची सगळी उष्णता तो खातो आणि आत पेट्रोलची वाफ झाली की पंप नुसती वाफच दाबत बसतो, कार्बोरेटरपर्यंत काही पोचत नाही. पाण्याच्या बाटलीतलं पाणी रुमालावर ओतलं, ठेवला, वाफ निघालेली डोळ्यांना दिसली. दहा मिनिटांनी एका सेल्फमध्ये गाडी चालू. एक ट्रॅफिक पोलीस आधी ओरडायला आला होता, तो शेवटी बाजूला उभा राहून सांगत होता की आमच्या वडिलांकडे पण होती. आता एप्रिल-मेमध्ये एक जाडं सुती फडकं आणि दोन लिटर पाणी गाडीत कायम.

पावसाळ्याची मला सगळ्यात धास्ती होती. वंदना सिनेमापाशी पाणी भरतं ते ठाणेकरांना सांगायला नको, एकदा त्यातून निघालो आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक लागेचना. ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेकचे लायनर धरत नाहीत, पाय हलका दाबून ठेवून शंभरेक मीटर हळू चालवली की घासून घासून सुकतात. आणि दुसरं म्हणजे डिस्ट्रिब्युटर, चारही प्लगना आळीपाळीने करंट वाटणारा, काका त्याला डेल्को म्हणतात. कॅपच्या आत दमट झालं की गाडी मिसिंग करते, म्हणजे आचके देत चालते. टॅक्सीवाल्यांची जुनी युक्ती, दुधाची पिशवी धुऊन कापून कॅपवर बांधायची, वायरी बाहेर काढून. मी अख्खा जुलै तसाच काढला आणि एकदाही बंद पडली नाही.

पण मन खरं रमतं ते ट्यूनिंगला. दर रविवारी नाही, दीड-दोन महिन्यांनी एकदा. काका आता बहात्तरचे, गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही, प्लास्टिकची खुर्ची टाकून बॉनेटपाशी बसतात आणि मी काम करतो. आता बॅटरी माझी मुलगी धरते. डेल्कोची कॅप काढायची, आतला रोटर उचलायचा, खाली ते दोन छोटे पॉइंट, शेंगदाण्याएवढे पण नाहीत, त्यांची तोंडं एकमेकांना लागून उघडतात-मिटतात आणि प्रत्येक उघडण्याला कॉइलमधून एक ठिणगी. वापरून वापरून एका तोंडावर बारीक डोंगर तयार होतो आणि समोरच्यावर खड्डा. तो पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने सपाट करायचा, मग इंजिन हाताने फिरवून पॉइंट पूर्ण उघडे असताना मधे फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची ठरावीक जाडीची, पट्टी घालायची, ती सरकताना किंचित धरली पाहिजे, तुपात बोट फिरवल्यासारखं सैल नको आणि ओढावं लागेल इतकं घट्टही नको. काकांनी आयुष्यभर हे व्हिजिटिंग कार्डाच्या तुकड्यावर केलं. मी गेजने सेट केलं आणि त्यांनी कार्ड घालून बघितलं, मान हलवली. मला इतका आनंद दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

प्लग काढून बघायचे. चारही ओळीने फडक्यावर मांडायचे, टोकाचा रंग भाजक्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा पाहिजे. काळा कोरडा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरट म्हणजे कमी. माझा तीन नंबर सुरुवातीला तेलकट काळा यायचा, वायरी बदलल्या, प्लग बदलला, तरी तेच, शेवटी कळलं की ऑइल आत उतरू न देणारे व्हॉल्व्हचे सील आधी कोणीतरी टाकलेच नव्हते. वायरी परत लावताना एक-तीन-चार-दोन, हा क्रम मुलीला आता पाढ्यासारखा पाठ आहे.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवा असा सल्ला खूप जण देतात, पॉइंटची कटकट संपते हे खरंय. मी बसवलं नाही. पॉइंट खराब झाले तर रस्त्यात घासून घरी येता येतं, ते किट गेलं तर टो.

वाईट अनुभव पत्र्याचा. घेतल्यावर एका गॅरेजला टिनकामाला दिली, नाव लिहीत नाही. बाविसाव्या दिवशी चकचकीत परत मिळाली. पहिल्या पावसात ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट ओलं, उचलून बघतो तर वेल्डिंग केलेलंच नाही, गंजलेल्या भोकावर जाळी, त्यावर पुट्टी आणि वरून काळा रंग. अठ्ठावीस हजार दिले होते. मी त्या दिवशी गाडीत बसून अक्षरशः रडलो, पैशासाठी नाही, मास्तरांनी एवढी जपलेली गाडी अशी फसवून दिली म्हणून. मग वागळे इस्टेटमधल्या एका म्हाताऱ्या डेंटरने सगळं खरवडून खरा पत्रा कापून लावला, मला समोर बसवून. त्यामुळे घेताना रंग बघू नका, मॅट उचला, दाराच्या खालच्या कडा, जॅक लावायची जागा, डिकीत स्टेपनीखाली, सगळीकडे लोहचुंबक फिरवून बघा, जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे.

स्पेअर मिळतात का, तर मिळतात. इंजिनचं आणि ब्रेकचं बरंचसं सामान ऑपेरा हाऊसला, जुनं वापरलेलं कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, फक्त जुना पार्ट हातात घेऊन जायचं, तोंडी सांगून चालत नाही. काचेची बीडिंग, दाराची रबरं, मागच्या दिव्यांच्या काचा यांना मात्र शोधावं लागतं.

पेट्रोलचं एक महत्त्वाचं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. माझा जुना रबरी पाइप सहा महिन्यांत मऊ पडून बोटाला काळा लागायला लागला, पंपाचा पडदाही कडक झाला होता. दोन्ही इथेनॉल चालेल असे बदलले. इथेनॉल हवेतलं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकीत जुनं पेट्रोल सोडू नका, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी भुकटी जमते. आणि कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक, साफ करताना आत तार घालू नका, ते पितळेचं भोक मापाचं असतं, तारेने मोठं झालं की मायलेज गेलं. फुंकर किंवा हवेचं प्रेशर, बस.

माझं मायलेज लिटरला शहरात दहा, नाशिक हायवेला तेरा. चौदा महिन्यांत दुरुस्तीवर, ते बुडालेले अठ्ठावीस धरून, एक लाख बारा हजार गेले, त्यातले निम्म्याहून जास्त पत्रा आणि ब्रेकवर. गेल्या पाच महिन्यांत फक्त ऑइल, एक फॅन बेल्ट आणि पॉइंट.

कागदांचं विसरू नका. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशनचं रिन्युअल, वर पर्यावरण कर. चारचाकीची रिन्युअल फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५००० झाली होती, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०००० केली. बरेच जण म्हणतात व्हिंटेजमध्ये टाक, पण ते पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला आणि ती नंबरप्लेट घेतली की रोजच्या वापराला चालत नाही. मला चालवायचीय.

कोणी घ्यावी? ज्याला घरात दुसरी गाडी आहे, रविवारचे दोन तास आहेत आणि हात काळे करायला आवडतं त्याने जरूर. फक्त लग्नात मिरवायला आणि फोटोला हवी असेल तर भाड्याने घ्या, गाडीला उभं ठेवण्याइतका त्रास कशाचाच होत नाही.

माझी ऑक्टोबरमध्ये पासिंग आहे. त्याआधी किंगपिनचं काम आणि हेडलाइटचे रिफ्लेक्टर करायचेत. गेल्या रविवारी काकांनी त्यांची टॅक्सीतली पत्र्याची डबी आणून दिली, बामच्या मोठ्या डबीएवढी, आत पॉइंटचा एक सेट, एक कंडेन्सर, पॉलिश पेपरचा तुकडा आणि ते व्हिजिटिंग कार्ड, कडेला तेलाने पिवळं पडलेलं. मुलीने ती डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आणि काकांना विचारलं, "आजोबा, कार्डवर कोणाचं नाव आहे?" काकांनी चष्मा वर करून बघितलं, अक्षरं कधीच पुसून गेली होती. "असेल कोणी पॅसेंजर," म्हणाले, "दादरला सोडला असेल."