नेल स्टॅम्पिंग किट : ऋतूंची नक्षी घरच्या घरी, पण प्लेट पारखून घ्या

हिमकण, पानगळीची पानं, पावसाचे थेंब, फुलांच्या वेली… बारीक ब्रशने ही नक्षी दहाही नखांवर सारखी उतरवायची तर हात चांगला बसलेला लागतो. त्यातून उजव्या हाताची नखं डाव्या हाताने रंगवायची म्हणजे परीक्षाच. स्टॅम्पिंग किट ही अडचण खरोखर सोडवतं. त्यात कोरीव स्टीलची प्लेट, सिलिकॉनचा स्टॅम्पर आणि प्लास्टिकचा स्क्रॅपर असतो. प्लेटच्या खाचांत रंग भरायचा, जादा रंग स्क्रॅपरने ओढून काढायचा आणि नक्षी स्टॅम्परने उचलून नखावर उमटवायची.

सगळा खेळ प्लेटचा आहे. नक्षी उथळ कोरलेली असेल तर स्क्रॅपर फिरवताना खाचेतला रंगही निघून येतो आणि नखावर फिकट, तुटक रेघा उमटतात. प्लेट उजेडात तिरपी धरा, नक्षीवरून नखाचं टोक फिरवा. ते खाचेत अडकलं पाहिजे. भरीव पानांपेक्षा शिरा आणि कडा असलेली पानं स्वच्छ उतरतात, कारण रुंद खाचेच्या मधला रंग स्क्रॅपरबरोबर निघून जातो. नव्या प्लेटवर बहुतेक वेळा निळसर पातळ फिल्म असते. ती आधी काढा, नाहीतर काहीच उमटणार नाही.

स्टॅम्पर पारदर्शक घ्या, नक्षी नखावर कुठे बसतेय ते दिसतं. तो अ‍ॅसिटोन या नेलपॉलिश काढायच्या द्रवाने कधीच पुसू नका, सिलिकॉन धुरकट होतं. चिकटपट्टी दोनदा दाबून उचलली की पुरे. नक्षी नीट उचलली जावी म्हणून स्टॅम्पर कानशीने घासायचा सल्ला दिला जातो, पण पारदर्शक स्टॅम्परवर तसं करू नका, स्टॅम्पर कायमचा खराब होतो.

साधी नेलपॉलिश पातळ पडते, गडद बेसवर (नक्षीखालच्या रंगावर) तर नक्षी जवळजवळ दिसतच नाही. स्टॅम्पिंगची पॉलिश वेगळी घ्या. सुरुवातीला पांढरी आणि काळी पुरते. गडद निळ्यावर पांढरे हिमकण फार देखणे दिसतात.

बेसचे दोन पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. बेस ओला असेल तर स्टॅम्पर तोच उचलून घेतो. नक्षी उमटवताना पंखा बंद ठेवा, नाहीतर रंग खाचेतच वाळतो. नक्षीवर पॉलिश लावा, स्क्रॅपर साधारण ४५ अंशांत धरून एकदाच हलक्या हाताने ओढा, लगेच स्टॅम्पर टेकवून उचला आणि नखाच्या एका कडेकडून दुसरीकडे लोळवा. हे सगळं काही सेकंदांत उरकायचं. नक्षी उचललीच गेली नाही तर जोर वाढवू नका. बहुधा रंग खाचेतच वाळलेला असतो. अ‍ॅसिटोनने प्लेट पुसून पुन्हा करा, आणि तशीही ती प्रत्येक नखानंतर पुसावीच लागते. कडेच्या त्वचेवरचा रंग अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने निघतो.

सगळ्यात जास्त घात टॉप कोट, म्हणजे शेवटी वरून लावायचा पारदर्शक थर, करतो. घाईने ब्रश घासला की काळ्या रेघा पांढऱ्या बेसवर फरफटत जातात. नक्षी दोनेक मिनिटं वाळू द्या, मग ब्रशवर टॉप कोटचा मोठा थेंब घेऊन तो नखावर तरंगत न्या. ब्रशचे केस नक्षीला टेकता कामा नयेत. नक्षीसाठी खास मिळणारा, पाण्यावर आधारित टॉप कोट आधी लावला तर धोका आणखी कमी होतो.

डझनभर उथळ प्लेटांच्या मोठ्या संचापेक्षा खोल कोरलेली एकच प्लेट घ्या. पानांची एकच नक्षी हिरव्यात वसंताची होते, तांबूस-तपकिरीत पानगळीची. घेण्यापूर्वी अंगठ्याच्या नखाची रुंदी मोजा. पूर्ण नख झाकणारी चित्रं बऱ्याच प्लेटांवर त्याहून अरुंद असतात आणि अंगठ्याच्या दोन्ही कडा कोऱ्या राहतात.