युमाची जुनी गाडी आधी पकडा

‘थ्री-टेन टू युमा’ (१९५७) या हॉलिवूडच्या वेस्टर्न सिनेमाची ब्लू-रे डिस्क: ९२ मिनिटं, कृष्णधवल. २००७च्या १२२ मिनिटांच्या नव्या अवताराची कितीही उत्सुकता असो, आधी हीच लावा. दुष्काळाने नाडलेला शेतकरी आणि ग्लेन फोर्डचा गोडबोल्या दरोडेखोर हॉटेलच्या खोलीत समोरासमोर. २०० डॉलरची गरज, दरोडेखोराला युमाच्या तुरुंगाकडे नेणाऱ्या ३:१०च्या गाडीची वेळ, एवढ्यावरच ताण चढत जातो. अप्रतिम! गोळीबार कमी, हेच तिचं बळ.

टीव्हीचं मोशन स्मूदिंग (मधल्या फ्रेम्स स्वतः भरून हालचाल सलग करणारी सोय) बंद करा, नाहीतर चित्र रोजच्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. रंग भडक करणारा ‘व्हिव्हिड’ मोडही नको, सावल्यांतले बारकावे बुडतात. आणि गोव्याचा पावसाळा! ओल लागून डिस्कवर बुरशी धरली की चित्र अडकतं. सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डब्यात ठेवा. पुसताना मऊ फडकं मधून कडेकडे, गोल नाही.